मेंदूची जत्रा शाळेत भरवा. हैदराबादने दिलेला दोन भाषांचा धडा सीमाभागाच्या कामाचा

देगलूर, उदगीर, बिदर, भालकी या पट्ट्यातल्या माणसाला हैदराबाद नवं नाही. तिकडे जायची कारणं मात्र ठरलेली. एक तर शाळेची सहल : चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग, प्राणिसंग्रहालय आणि वेळ उरला तर बिर्ला तारांगण. नाहीतर मोठा आजार. फिट येणारं लेकरू, लकवा मारलेले वडील, नातवंडांची नावं विसरू लागलेली आजी यांना घेऊन गाडी संगारेड्डी ओलांडते आणि पंजागुट्ट्याला निजाम्स इन्स्टिट्यूट म्हणजे ‘निम्स’च्या दारात उभी राहते.

सहलीत मेंदूचा विषय कुणी काढत नाही. दवाखान्यात निघतो, पण तोवर बऱ्याचदा वेळ गेलेली असते. मेंदूशी आपली पहिली ओळख होते ती एमआरआयच्या पाकिटातून.

ही ओळख आधीच व्हावी, शाळेत आणि घरात व्हावी, म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी मेंदूची जत्रा भरते. अमेरिकेतल्या डाना फाउंडेशनच्या पुढाकाराने १९९६ मध्ये ‘मेंदू जागृती सप्ताह’ सुरू झाला. दरवर्षी मार्चमध्ये विद्यापीठं, दवाखाने, शाळा, संग्रहालयं आपापल्या गावात कार्यक्रम घेतात. कुणाची परवानगी काढावी लागत नाही, फी नसते. १९९८ पासून ‘ब्रेन बी’ नावाची शालेय मुलांची मेंदूविषयक स्पर्धाही सुरू आहे. भारतातली मुलंही तिच्यात उतरतात.

आपल्याकडे अशी जत्रा कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर हैदराबादच्याच एका अभ्यासात आहे, आणि तो अभ्यास जणू सीमाभागासाठीच केल्यासारखा आहे.

जत्रेत नेमकं काय असतं?

मेंदूचा मेळावा म्हणजे भाषणं नव्हेत. मुलांनी स्वतः करून बघायच्या गोष्टी असतात. मोठ्या शहरात एखादं विद्यापीठ डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी पडद्यावर दाखवतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर मेंदूचं संग्रहालयच आहे. तिथं सर्वसामान्य माणसाला खरा मानवी मेंदू जवळून बघता येतो.

पण खेड्यातल्या शाळेतही दहा रुपयांत बरंच काही जमतं.

पहिला खेळ पट्टीचा. एकाने ३० सेंटीमीटरची पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी दोन बोटं उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. २० सेंटीमीटरच्या खुणेवर पकडली तर डोळ्याने पाहून मेंदूने हाताला हुकूम द्यायला साधारण ०.२ सेकंद लागले. मग त्याच मुलाला मोबाईलवर बोलत बोलत पकडायला सांगा. पट्टी बोटांतून किती घसरते ते सगळा वर्ग बघतो. गाडी चालवताना फोन का घ्यायचा नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा खेळ कंपासचा. कंपासपेटीतल्या दुहेरी टोकाच्या डिव्हायडरने बोटाच्या टोकावर अलगद स्पर्श करा. दोन टोकांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी डोळे मिटलेल्या मुलाला ती दोन आहेत हे कळतं. हाच प्रयोग पाठीवर केला तर टोकं तीन-चार सेंटीमीटर दूर जाईपर्यंत त्याला एकच टोक वाटतं. बोटांसाठी मेंदूने मोठी जागा राखून ठेवली आहे, पाठीसाठी थोडी. ब्रेल लिपी बोटांनी का वाचतात, तेही इथंच कळतं.

तिसरा खेळ रंगांचा, आणि तो सीमाभागात जास्त रंगतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने लिहायचा, ‘पिवळा’ निळ्या शाईने. मुलाने शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग भराभर सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचण्याची सवय आधी धावते. आता हेच शब्द मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत लिहा. ज्याला कन्नड लिपी येत नाही तो कन्नडचा तक्ता सपाट्यात सांगून मोकळा होतो. बिदरचं पोर मात्र तीन तक्त्यांपैकी दोनवर अडखळतं. हरलं म्हणून त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याच्या डोक्यात दोन लिप्या एकाच वेळी जाग्या असल्याचा तो पुरावा आहे.

निम्समधल्या ६४८ फायली

दोन भाषा एकाच वेळी जाग्या असल्याने पुढे आयुष्यात काही फरक पडतो का? निम्समध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी, डॉ. सुभाष कौल, उस्मानिया विद्यापीठाच्या भाषातज्ज्ञ वसंता दुग्गिराला, एडिंबरो विद्यापीठाचे थॉमस बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. निम्सच्या विशेष बाह्यरुग्ण विभागात २००६ ते २०१२ या काळात आलेल्या, स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. स्मृतिभ्रंश म्हणजे गावाकडे ज्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात तो आजार. त्यात विसरणं असतं, वाट चुकणं असतं, स्वभाव बदलणं असतं.

या ६४८ पैकी ३९१ जण दोन किंवा जास्त भाषा बोलणारे होते. कुणी तेलुगू आणि दखनी, कुणी तेलुगू आणि हिंदी, कुणी त्यात इंग्रजी. उरलेले २५७ एकाच भाषेत आयुष्य काढलेले. आजाराची पहिली लक्षणं कोणत्या वयात दिसली, याची तुलना झाली. एकभाषिकांमध्ये सरासरी ६१.१ वर्षं. बहुभाषिकांमध्ये ६५.६ वर्षं. फरक साडेचार वर्षांचा.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे आहे. हैदराबादच्या आकड्यांनुसार एक भाषा बोलणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत ती जवळपास खरी निघाली आणि दोन भाषा बोलणाऱ्यांच्या बाबतीत साडेचार वर्षं पुढे सरकली. हा निबंध नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

शिकलेल्यांचं कौतुक नव्हे

यावर पहिला आक्षेप कुणालाही सुचेल. दोन भाषा बोलणारा म्हणजे शिकलेला, बऱ्या घरचा, शहरातला, म्हणून त्याचा मेंदू टिकला असेल. अभ्यासकांनी हाच मुद्दा धरून पुन्हा हिशेब केला. शिक्षण, व्यवसाय, स्त्री-पुरुष, शहर-खेडं हे सगळं वेगळं काढूनही फरक राहिला. जे कधी शाळेतच गेले नाहीत अशा रुग्णांमध्येही दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सुमारे सहा वर्षं उशिरा आल्याचं दिसलं.

म्हणजे बाजारात भाजी विकताना तेलुगू, शेजारणीशी दखनी आणि घरात तिसरीच भाषा बोलणाऱ्या बाईचा मेंदूही रोज तालीम करत होता. त्यासाठी वही-पेन लागलं नव्हतं.

हैदराबादचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्याआधी २००७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला एलन बियालिस्टॉक यांनी असाच अभ्यास केला होता आणि सुमारे चार वर्षांचा फरक दाखवला होता. पण तिथले दोन भाषा बोलणारे बहुतेक परदेशातून आलेले होते. गाव सोडून आलेल्या माणसाचं खाणंपिणं, कष्ट, काटकपणा वेगळा असतो. मग फायदा भाषेचा की स्थलांतराचा, हे सांगणं अवघड होतं. हैदराबादेत तो प्रश्न उरला नाही. इथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहून दोन-तीन भाषा बोलतात.

२०१६ मध्ये याच गटाने पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास ‘स्ट्रोक’ नियतकालिकात मांडला. झटका आल्यानंतर विचारशक्ती, स्मरणशक्ती शाबूत राहिलेले रुग्ण बहुभाषिकांमध्ये ४०.५ टक्के होते, एकभाषिकांमध्ये १९.६ टक्के. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मेंदूची गंगाजळी

हे होतं कसं? मानवी मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातला जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते.

दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत बोलताना दोन्ही भाषा जाग्या असतात. ‘पाणी’ म्हणायचं तर ‘नीरु’ किंवा ‘नीळ्ळु’ला मागे थांबवावं लागतं. समोर कोण आहे ते बघून भाषा बदलावी लागते. हे निवडणं, थांबवणं, बदलणं दिवसभर चालतं, आणि ते मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आहे. अभ्यासकांचं म्हणणं असं की या रोजच्या व्यायामाने एक राखीव ताकद जमा होते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ही गंगाजळी. दोन दुकानांत सारखाच तोटा झाला, तरी ज्याच्याकडे राखीव रक्कम आहे त्याचं दुकान काही वर्षं जास्त चालतं. तोटा थांबत नाही, दुकान बंद पडायचं लांबतं.

म्हणूनच या अभ्यासाची मर्यादाही जत्रेत सांगितली पाहिजे. दोन भाषा बोलल्या की स्मृतिभ्रंश होत नाही, असं तो म्हणत नाही. आजार उशिरा दिसतो, एवढंच म्हणतो. हे रुग्ण एका दवाखान्यात आलेले होते, गावोगाव जाऊन निवडलेले नव्हते. इतर देशांतल्या काही अभ्यासांत असा फायदा आढळला नाही, आणि त्यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. शिवाय दोनापेक्षा जास्त भाषांनी जादा फायदा होतो, असंही हैदराबादच्या आकड्यांत दिसलं नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू, ऐकू न येणं याकडे दुर्लक्ष करून नुसत्या भाषेवर कुणी विसंबू नये.

सीमेवरच्या पोराचा गैरसमज

एवढं सगळं सांगण्याचं कारण सीमाभागातल्या घरात आहे. १९५६ मध्ये जुन्या हैदराबाद संस्थानाचा मुलूख तीन राज्यांत वाटला गेला. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरकडे, तेलंगणा आंध्रात. माणसं आणि भाषा मात्र रेघेप्रमाणे वाटल्या गेल्या नाहीत. औराद तालुक्यातलं पोर घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, बाजारात दखनी हिंदी आणि परीक्षेला इंग्रजी. बिलोली-देगलूरकडच्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात आणि शाळा मराठी. हैदराबादच्या जांबागेत मराठी माणसांनी उभारलेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थेच्या आसपासही हेच चित्र.

या पोराला काय ऐकायला मिळतं? ‘धड मराठी नाही, धड कन्नड नाही.’ तालुक्याच्या गावी गेलं की बोलीला हसतात. इंग्रजी शाळेत घातलं की ‘घरी मराठी बोलू नका, लेकरू गोंधळतं’ असा सल्ला मिळतो, आणि आईबापही तो ऐकतात. आजी-आजोबांशी बोलायची भाषाच मग घरातून जाते.

मुलाच्या मेंदूत दोन भाषांनी गोंधळ होत नाही. सुरुवातीला शब्दांची सरमिसळ होते, ती नैसर्गिक आहे आणि वयाबरोबर सावरते. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होण्याचा आजार जडतो, हेही खरं नाही. लेकरू कोणत्याच भाषेत बोलत नसेल तर भाषा बंद करायची नाही, आधी कान तपासायचे. ही एवढी गोष्ट पालकांच्या कानावर गेली, तरी जत्रेचा खर्च वसूल झाला.

चप्पल नको, कांदा नको

मेंदूच्या जत्रेत आणखी दोन कोपरे हवेतच, कारण इथं जीव वाचतो.

पहिला फिटचा. फिट आली की आजही चप्पल हुंगवतात, कांदा नाकाला लावतात, मुठीत लोखंडाची किल्ली देतात, तोंडात चमचा घालतात. यातलं काहीच उपयोगाचं नाही, चमच्याने तर दात तुटतात आणि श्वास अडकतो. करायचं एवढंच : माणसाला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचे कपडे सैल करायचे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा आले, तर थेट दवाखाना. वर्गात एका मुलाला आडवं करून दुसऱ्याने कुशीवर वळवून दाखवायचं. दहा मिनिटांचं काम.

त्याबरोबर हेही सांगायचं की अपस्मार बाहेरची बाधा नाही, मेंदूतल्या विजेचा तोल तेवढ्यापुरता जातो. बहुतेकांना नेमाने गोळ्या घेतल्या की झटके आटोक्यात राहतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे लग्नाला अपात्र ठरवणारं कारण होतं. ते कलम १९९९ मध्ये काढून टाकलं गेलं. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, पण मुलीला फिट येते हे लपवणं काही थांबलेलं नाही. लपवण्यात गोळ्या बंद होतात आणि झटके वाढतात.

दुसरा कोपरा लकव्याचा. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि तेल चोळत बसतात. तोंड वाकडं झालं, एक हात वर धरला की खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तर लगेच १०८ ला फोन. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. सीमाभागातल्या माणसाने इथंच चूक करू नये. गाडी ठरवा, पैसे जमवा, मग हैदराबाद गाठा, यात हे तास निघून जातात. आधी जवळचं सीटी स्कॅनची आणि या इंजेक्शनची सोय असलेलं रुग्णालय. ते कुठं आहे, हे झटका येण्याआधी माहीत हवं. मुलांना गृहपाठ द्यावा : आपल्या गावाहून असं रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, रात्री तिथं डॉक्टर असतात का, हे विचारून वहीत लिहून आणा. वही घरी वाचली गेली की काम झालं.

सहलीच्या यादीत एक नाव वाढवा

हैदराबादेत मेंदूचा विषय दवाखान्यापुरता नाही. गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठात मेंदू आणि बोधन या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० निरोगी तरुण स्त्री-पुरुषांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. भारतीय मेंदू सरासरीने पाश्चात्त्य मेंदूपेक्षा उंचीला, रुंदीला आणि आकारमानाला लहान असल्याचं त्यात दिसलं. याचा हुशारीशी संबंध नाही. मुद्दा असा की गोऱ्या माणसाच्या मापाने आपला मेंदू मोजला तर निरोगी माणूसही आजारी वाटू शकतो.

हबसीगुड्याच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत, सीएसआयआरच्या २६ सप्टेंबरच्या स्थापनादिनानिमित्त, शाळकरी मुलांसाठी प्रयोगशाळा खुल्या केल्या जातात. तिथं फक्त मेंदू नाही, पेशी, जनुकं, सूक्ष्मजीव सगळंच बघायला मिळतं. सप्टेंबरमध्ये सहल काढणाऱ्या शाळेने आधी पत्र पाठवून चौकशी करावी.

आणि ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी मार्चमधला एक शनिवार आपल्याच शाळेत धरावा. तीन टेबलं खेळांची, एक फिटचं, एक लकव्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दोन तास बोलवावं. सहावं टेबल आजी-आजोबांचं : घरातल्या किती जणांना किती भाषा येतात, त्या कुठं आणि कशा शिकले, हे नातवंडांनी विचारून तक्त्यावर लिहायचं. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, लमाणी, जी असेल ती.

आपली आजी कधी शाळेत गेली नाही पण तीन भाषा बोलते, हे त्या तक्त्यावर पहिल्यांदा लिहिलेलं दिसेल. ‘धड एक भाषा नाही’ म्हणून जिला हसलं जात होतं, तिने मेंदूत किती साठवून ठेवलंय, ते नातवाला कळेल. आणि पुढच्या वेळी तिच्याशी बोलताना तो तिचीच भाषा बोलेल.